आजार खरा सांगणाऱ्यालाच विम्याचे दार बंद का?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाला आणि त्याचे सर्वत्र स्वागत झाले. ते योग्यच होते, कारण औषधोपचाराच्या तजविजीवर कर असावा हेच मुळात पटणारे नव्हते. परंतु ही सवलत ज्याच्या हातात पॉलिसी आहे त्याच्यासाठी आहे. हप्ता भरण्याची तयारी आणि ऐपत असूनही ज्यांना कोणतीही कंपनी पॉलिसी देत नाही, अशा माणसांचा प्रश्न या सगळ्या चर्चेत कुठेच आला नाही. मी त्यांपैकी एक आहे आणि माझा अनुभव मराठवाड्यातील अनेकांचा असणार, अशी खात्री असल्याने हे पत्र लिहीत आहे.

मी लातूरला राहते. वय ३९. पुस्तकांची अक्षरजुळणी, मुद्रितशोधन आणि इंग्रजी-हिंदीतून मराठीत अनुवाद हे माझे काम आहे. लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांच्या नोट्स, छत्रपती संभाजीनगरच्या एक-दोन प्रकाशकांची पुस्तके आणि पुण्याहून येणारी काही अनुवादाची कामे यांवर माझे घर चालते. कोणत्याही एका संस्थेच्या हजेरीपटावर माझे नाव नाही. मी प्राप्तिकराचे विवरणपत्र दरवर्षी भरते, पण मला ‘मालक’ नसल्याने पगारदाराला आपोआप मिळणाऱ्या गोष्टी मला माझ्या मीच उभ्या कराव्या लागतात. त्याबद्दल तक्रार नाही. हे काम मी स्वखुशीने निवडले आहे.

वयाच्या चौदाव्या वर्षापासून मला टाइप वन मधुमेह आहे. हा गोड खाण्याने किंवा वजन वाढल्याने होणारा आजार नव्हे. शरीराची रोगप्रतिकार यंत्रणाच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते आणि मग जन्मभर इन्सुलिन बाहेरून घेण्यावाचून गत्यंतर राहत नाही. आम्ही तेव्हा औसा तालुक्यातील गावी राहत होतो. घरात फ्रिज नव्हता, आणि असता तरी उन्हाळ्यातल्या भारनियमनात त्याचा भरवसा नव्हता. वडिलांनी एका मोठ्या मडक्यात ओली वाळू भरली, त्या वाळूत एक लहान मडके बसवले आणि त्यात प्लास्टिकच्या डबीत माझ्या इन्सुलिनच्या बाटल्या ठेवल्या. सकाळ-संध्याकाळ त्या वाळूवर तांब्याभर पाणी ओतायचे काम माझ्या धाकट्या भावाचे असे. मे महिन्यात अंगण तापलेले असतानाही ती डबी हाताला गार लागत असे. हे सांगण्याचा हेतू इतकाच की, गेली पंचवीस वर्षे हा आजार मी आणि माझ्या घरच्यांनी नेटाने सांभाळला आहे. दर तीन महिन्यांनी होणाऱ्या एचबीएवनसी (मागील दोन-तीन महिन्यांतील सरासरी रक्तसाखर दाखवणाऱ्या) तपासणीचे २०११ पासूनचे सर्व अहवाल माझ्याकडे एका फाइलमध्ये लावलेले आहेत. माझी मूत्रपिंडे आणि डोळे यांच्या तपासण्या आजवर निर्दोष आल्या आहेत.

२०११ ते २०१७ या काळात मी पुण्यात एका कंपनीत नोकरी करत होते. तिथे सर्व कर्मचाऱ्यांचा समूह आरोग्यविमा होता. नोकरी लागल्यानंतरच्या तिसऱ्याच महिन्यात गॅस्ट्रो होऊन माझी साखर बिघडली आणि मला चार दिवस रुग्णालयात राहावे लागले. मी विम्याचे कार्ड दाखवले आणि रुग्णालयाचे बिल विमा कंपनीने परस्पर भरले. मधुमेह कधीपासून आहे हे डॉक्टरांनी केसपेपरवर स्पष्ट लिहिले होते, तरी दावा अडला नाही, कारण नोकरीतील समूह विम्यात आधीपासूनचे आजार बहुधा पहिल्या दिवसापासून समाविष्ट असतात. २०१७ मध्ये वडिलांच्या आजारपणामुळे मी नोकरी सोडून लातूरला परतले. शेवटच्या दिवशी माझ्याकडून लॅपटॉप, ओळखपत्र आणि विम्याचे कार्ड जमा करून घेतले गेले व त्या तिन्हींच्या पोचपावतीवर माझी सही झाली. समूह विम्यातून बाहेर पडणाऱ्या सभासदाला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर करण्याची तरतूद तेव्हाच्या नियमांतही होती. पण हे मला तेव्हा कोणी सांगितले नाही आणि विचारावे असे मलाही सुचले नाही. नोकरी सोडून स्वतंत्र काम सुरू करणाऱ्या प्रत्येकाने, त्याला आजार असो वा नसो, राजीनामा देण्यापूर्वी ही एक गोष्ट लेखी विचारून घ्यावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.

लातूरला आल्यावर २०१८ मध्ये मी पहिला प्रस्ताव अर्ज भरला. चार दिवसांनी कंपनीच्या डॉक्टरांचा फोन आला. वय, उंची, वजन हे विचारून झाल्यावर त्यांनी विचारले, “मॅडम, इन्सुलिन किती वर्षांपासून घेता?” मी वर्षे सांगितली. पलीकडून काही क्षण फक्त कळफलकाचा आवाज येत राहिला, मग “ठीक आहे, कळवतो” एवढेच ऐकू आले. दुसऱ्या आठवड्यात फोनवरच नकार कळवण्यात आला आणि वैद्यकीय तपासणीचा खर्च वजा करून हप्त्याची रक्कम खात्यात परत आली. २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर, दुसऱ्या कंपनीकडे अर्ज केला. तिच्याकडून एका ओळीचा ईमेल आला: आपला प्रस्ताव आमच्या धोरणानुसार स्वीकारता येत नाही. तिसरा नकार २०२४ मधला आहे, त्याविषयी पुढे लिहिते.

येथे प्रस्ताव अर्जातील एका प्रश्नाकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. “यापूर्वी कोणत्याही विमा कंपनीने आपला प्रस्ताव नाकारला आहे काय?” असा तो प्रश्न असतो. पहिल्या अर्जाच्या वेळी मी ‘नाही’ लिहिले होते, दुसऱ्या अर्जात ‘होय’ लिहावे लागले आणि तिसऱ्यात ‘होय, दोनदा’. म्हणजे प्रत्येक नकार हा पुढच्या नकाराचा पुरावा बनत जातो. माझी प्रकृती २०१८ पासून होती तशीच आहे, पण कागदावर मी दर अर्जागणिक अधिक धोकादायक ठरत गेले आहे.

दुसरा अर्ज भरताना माझ्यासमोर आमच्याच गल्लीतले, वडिलांच्या ओळखीचे विमा प्रतिनिधी बसले होते. माणूस भला आहे, त्यांच्याविषयी माझ्या मनात राग नाही. मी आजाराच्या रकान्यात लिहू लागले तेव्हा ते काकुळतीने म्हणाले, “ताई, ते इन्सुलिनचं कशाला लिहायलात? पाच-सात वर्षं दवाखान्याचं नाव काढू नका, पुढं कोणी विचारत नसतंय.” मी लिहिलेच. पण त्यानंतर किती तरी रात्री मी या वाक्याचा विचार करत राहिले, कारण हिशेबापुरते त्यांचे म्हणणे चूक नव्हते. आज नियमाप्रमाणे सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की, सिद्ध झालेली फसवणूक वगळता, माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. ग्राहकाच्या संरक्षणासाठी केलेली ही अतिशय चांगली तरतूद आहे. परंतु खरे सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवायचे आणि लपवणाऱ्याला आत घ्यायचे, अशी रीत असेल तर त्या तरतुदीचा भलताच अर्थ गल्लोगल्ली पोहोचतो. शिवाय लपवून घेतलेली पॉलिसी ही त्या पहिल्या पाच वर्षांत टांगती तलवारच असते. माझ्यासारखीला त्या काळात दवाखान्याची गरज पडणार नाही, याची हमी कोणी द्यावी?

ती गरज जुलै २०२३ मध्ये पडली. तापाने सुरुवात झाली, उलट्या थांबेनात आणि रात्री अकराच्या सुमारास रक्तातील कीटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर साठणारी आम्ले) वाढून श्वास लागू लागला. भावाने मला जवळच्या रुग्णालयात नेले, तिथे चार दिवस अतिदक्षता विभागात आणि दोन दिवस वॉर्डात ठेवले. बिल ९२,४०० रुपये झाले. त्यातले साठ हजार एका प्रकाशकांनी पुढच्या दोन पुस्तकांच्या कामापोटी आगाऊ दिले. ती दोन पुस्तके मी त्यानंतरच्या सात महिन्यांत एक रुपयाही न घेता पूर्ण करून दिली. त्या प्रकाशकांचे उपकार मी विसरणार नाही, पण आजारपणाचा खर्च भागवण्याची ही काही व्यवस्था नव्हे.

१ एप्रिल २०२४ पासून विमा नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे आयआरडीएआयचे, नवे विनियम लागू झाले तेव्हा मला खरोखर आशा वाटली. आधीच्या आजारांसाठीचा कमाल प्रतीक्षा कालावधी, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर त्या आजारांचा खर्च मिळत नाही तो सुरुवातीचा काळ, ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आला. त्यानंतरच्या परिपत्रकात सर्व वयोगटांसाठी आणि सर्व प्रकारच्या आधीच्या आजारांसाठी योजना उपलब्ध करून द्याव्यात, असे विमा कंपन्यांना सांगण्यात आले. बातम्यांचे मथळे वाचून अनेकांनी मला फोन केले, “आता तुला विमा मिळणार.” मी तिसरा अर्ज केला, सोबत अहवालांची फाइल स्कॅन करून पाठवली आणि आठव्या दिवशी मोबाइलवर नकाराचा संदेश आला. आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ या तक्रार पोर्टलवर तक्रार केली, तेव्हा कंपनीचे उत्तर आले की प्रस्ताव स्वीकारणे वा नाकारणे हा त्यांच्या अंडररायटिंग (जोखीम पारखून विमा द्यायचा की नाही हे ठरवण्याच्या) धोरणाचा भाग आहे.

उत्तर थोडक्यात होते, पण त्यातून मला नियमाची मेख कळली. योजना बाजारात ठेवणे कंपनीला बंधनकारक आहे. ती योजना मागणाऱ्या अमुक एका व्यक्तीला देणे मात्र बंधनकारक नाही. ३६ महिन्यांचा प्रतीक्षा कालावधी तरी कोणासाठी मोजायचा? ज्याला पॉलिसी मिळाली त्याच्यासाठी. एकदा पॉलिसी मिळाली की पुढचे नियम ग्राहकाच्या बाजूने बऱ्यापैकी भक्कम आहेत: दावा केला म्हणून नूतनीकरण नाकारता येत नाही, पॉलिसी जन्मभर चालू ठेवता येते, प्रतीक्षेची पूर्ण केलेली वर्षे जमेस धरून दुसऱ्या कंपनीकडेही जाता येते. सगळा अडसर उंबऱ्यावर आहे, आणि नेमके उंबऱ्यापाशी नियम मोघम आहेत.

विमा कंपन्यांची बाजूही मी समजून घेण्याचा प्रयत्न केला आहे. आजारी पडल्यावरच माणसे विमा घ्यायला येऊ लागली तर जमा हप्त्यांतून दावे भागणार नाहीत, हे त्यांचे म्हणणे रास्त आहे. परंतु प्रतीक्षा कालावधी आहे तो याचसाठी ना? मधुमेहाशी संबंधित खर्चापोटी पहिली तीन वर्षे एक रुपयाही मागणार नाही, जोखमीनुसार जास्तीचा हप्ता भरीन आणि बिलाचा काही वाटा स्वतः उचलीन, हे मी तिन्ही वेळा लिहून दिले होते. इतके करूनही नकारच द्यायचा असेल, तर प्रतीक्षा कालावधीचे प्रयोजन उरत नाही. आणि पुण्यातल्या माझ्या सहा वर्षांचे काय? हाच आजार असलेले हेच शरीर तेव्हा पहिल्या दिवसापासून विम्यास पात्र होते, कारण ते इतर तीनशे जणांसोबत मोजले जात होते. लातूरला येऊन स्वतंत्र काम करू लागल्यावर माझ्यात बदल झाला तो एवढाच की मी एकटी मोजली जाऊ लागले. मला मधुमेहाची शिक्षा होत नसून नोकरी सोडल्याची शिक्षा होत आहे, असे मी म्हणते ते या अर्थाने.

“महात्मा फुले योजना असताना खासगी विमा हवाच कशाला?” असे मला अनेक जण विचारतात, तेव्हा त्याविषयीही लिहिले पाहिजे. २ जुलै २०१२ रोजी ही योजना राजीव गांधी जीवनदायी या नावाने ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत मराठवाड्यातला नांदेड जिल्हा होता. आता ती रेशनकार्डाचा रंग न पाहता राज्यातील सर्व रहिवासी कुटुंबांना लागू आहे, वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे आणि ती आधीचा आजार विचारत नाही. ही या राज्याने केलेली फार मोठी गोष्ट आहे. माझ्या ओळखीतल्या दोघांच्या हृदयशस्त्रक्रिया तीमुळे झाल्या. परंतु ही योजना ठरावीक उपचारांसाठी आणि अंगीकृत रुग्णालयांतच चालते. रात्री अकरा वाजता श्वास लागलेल्या माणसाला ज्या दवाखान्यात नेले जाते तो यादीत असेलच असे नाही, आणि २०२३ मध्ये मला जिथे नेले तिथे योजना नव्हती. म्हणून जे पदरचे पैसे भरून जास्तीची सोय करू इच्छितात त्यांना ती करू द्यावी, म्हणजे सरकारी योजनेवरचा तेवढा भारही हलका होईल. २०२५ च्या अर्थसंकल्पात ऑनलाइन मंचांवर काम करणाऱ्या गिग कामगारांना आयुष्मान योजनेचे संरक्षण देण्याची घोषणा झाली, तीही चांगलीच आहे; पण लग्नाचे व्हिडिओ काढणारा, घरी शिकवण्या घेणारी, डीटीपी करणारा किंवा माझ्यासारखी अनुवाद करणारी माणसे कोणत्याही ॲपवर नोंदलेली नसतात. आमची कामे ओळखीतून आणि फोनवरून येतात.

यावर माझी पहिली मागणी अशी आहे की, ‘आरोग्य संजीवनी’ ही जी प्रमाण पॉलिसी १ एप्रिल २०२० पासून कंपन्यांनी एकसारख्या अटींवर विकायची आहे, निदान ती तरी आधीच्या आजाराच्या कारणावरून कोणाला नाकारता येणार नाही, असा नियम करावा. जास्तीचा हप्ता किती घेता येईल याची कमाल मर्यादा त्यातच ठरवून द्यावी, म्हणजे नकाराऐवजी न परवडणारा आकडा सांगण्याची पळवाट राहणार नाही. अमेरिकेत २०१४ पासून आधीच्या आजारावरून विमा नाकारण्यास कायद्याने बंदी आहे. तिथली व्यवस्था आपल्यासारखी नाही आणि तिची नक्कल करावी असेही माझे म्हणणे नाही, पण अशा बंदीनंतरही तिथे विमा कंपन्या चालू आहेत, एवढे तरी त्यातून दिसते.

दुसरे असे की, नकार द्यायचाच असेल तर तो लेखी आणि कारणासह द्यावा. २०१६ च्या आरोग्यविमा विनियमांत हे स्पष्ट शब्दांत होते, तरी २०१८ मध्ये मला तो फोनवर मिळाला. कोणत्या अहवालातील कोणत्या आकड्यामुळे नकार आला हे कळले, तर माणूस त्यावर काही करू शकेल. पूर्वीच्या नकाराविषयीच्या त्या प्रश्नाखालीही कारण लिहिण्यास जागा असावी आणि केवळ पूर्वीच्या नकारावरून नवा नकार देता येऊ नये. खरे सांगणाऱ्याच्या बाजूने न्यायालय उभे राहिलेले आहे: मनमोहन नंदा यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये म्हटले की, सांगितलेल्या आजाराची तपासणी करून एकदा पॉलिसी दिल्यावर त्याच आजाराचे कारण पुढे करून कंपनीला दावा नाकारता येणार नाही. या निकालाने पॉलिसी मिळालेल्यांना दिलासा दिला. उंबऱ्याबाहेरच्यांसाठी असे काही अद्याप नाही.

तिसरी गोष्ट आपल्या हातातली आहे आणि तिच्यासाठी दिल्लीतील सरकारकडे किंवा हैदराबादच्या आयआरडीएआयकडे पाहण्याची गरज नाही. समूह विमा घेण्यासाठी नोकरीच असावी लागते असे नाही. मात्र केवळ विमा मिळवण्यासाठी गट बनवता येत नाही, तो गट आधीपासून दुसऱ्या कारणाने अस्तित्वात असावा लागतो. असे गट मराठवाड्यात आहेत. आपल्याकडे छायाचित्रकारांच्या संघटना आहेत, मुद्रकांचे संघ आहेत आणि तालुक्यातालुक्यात पतसंस्था आहेत. शे-दोनशे सभासदांची पतसंस्था एखाद्या विमा कंपनीशी वाटाघाट करून सभासदांसाठी समूह पॉलिसी घेऊ शकते आणि आधीचे आजार समाविष्ट करण्याची अट घालू शकते. मी सभासद असलेल्या पतसंस्थेच्या गेल्या वार्षिक सभेत हा विषय मांडला, तेव्हा अर्ध्याअधिक सभासदांनी हात वर केले. सभा संपल्यावर एक गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले की, त्यांच्या मुलालाही टाइप वन मधुमेह आहे, तो छत्रपती संभाजीनगरला मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवतो आणि त्याने आजवर भीतीपोटी विम्याचा अर्जच केलेला नाही. संचालक मंडळाने दोन कंपन्यांकडून दरपत्रके मागवायचे ठरवले आहे. इतर पतसंस्थांनी किंवा संघटनांनी असा विमा घेतला असेल, तर त्यांनी आपला अनुभव आपल्या दैनिकातून अवश्य कळवावा, त्याचा आम्हाला मोठा उपयोग होईल.

ती दरपत्रके येईपर्यंत मी थांबणार नाही. या आठवड्यात चौथ्या कंपनीकडे अर्ज पाठवत आहे. पूर्वीच्या नकारांविषयीच्या प्रश्नापुढे मी ‘होय, तीनदा’ असे लिहिले आहे. दोन नकारांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत आणि पहिला फोनवर मिळाला असल्याने त्याचा फक्त दिनांक दिला आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक, लातूर
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)